भांगेचं माप

तुमच्या-आमच्या खापरपणजोबांनाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे बांधाबांधावर भांग उगवायची आणि बाजारात कुणीही ती कुणालाही, हवी तेवढी विकायचं. एका सणाला राजाचा धाकटा भाऊ भांगेच्या नशेत नदीवर गेला आणि बुडाला. सतरा वर्षांचं पोर ते. राजाला दहा दिवस घास गिळवला नाही. अकराव्या दिवशी त्याने दवंडी पिटवली, की राज्यात भांगेचं पानसुद्धा दिसता कामा नये.

शिपाई निघाले. आता शिपायांना तलवार कळते, पाला थोडाच कळतो? अंबाडीचं पानही दिसायला भांगेसारखंच. त्यांनी लोकांच्या शेतातली अंबाडी मुळासकट उपटली. भाजीही गेली आणि दोर वळायचा वाखही गेला. खरी भांग मात्र दूरच्या घळीत निवांत वाढत राहिली आणि ती चोरून विकणारे गब्बर झाले.

त्या राज्यात दोर वळणारा एक म्हातारा होता. त्याच्या बायकोची हाडं इतकी दुखत, की अंगावरचं पांघरूणही तिला सोसत नसे. पूर्वी गावातली वैदीण तिला गुंजभर भांग तुपात परतून द्यायची. देताना नवऱ्याला समोर बसवून माप दाखवायची. मग ती बिचारी घटकाभर झोपायची. बंदी आली आणि वैदिणीचा नाइलाज झाला.

बायकोचं कण्हणं म्हाताऱ्याला ऐकवेना. तो घळीत गेला आणि एक पुडी घेऊन आला. विकणाऱ्याने वजन वाढवायला तिच्यात धोतऱ्याचं बी कुटून मिसळलं होतं. औषध पोटात जाताच म्हातारी बेशुद्ध पडली. वैदीण धावत आली आणि दोन दिवस तिच्या उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हातारीने डोळे उघडले, तसा म्हातारा स्वतःच राजवाड्यावर गेला आणि आपला गुन्हा सांगून मोकळा झाला.

राजा त्याच्यामागून झोपडीत आला. म्हातारीने कसेबसे हात जोडले आणि शिक्षा मला करा, म्हणाली. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भांगेनं माझा भाऊ नेला," तो उशाशी बसलेल्या वैदिणीला म्हणाला. "तिला मी पुन्हा मोकळी कशी सोडू?"

"मोकळी सोडू नका, महाराज," वैदीण हळूच म्हणाली. "तुमचा भाऊ गेला तेव्हा कुणीही हवी तेवढी विकत होतं. आता कुणीही हवं ते मिसळून विकतंय. दोन्ही वेळा मोजणारं कुणी नव्हतं."

राजा राजवाड्यावर परतला. मग त्याने नवा हुकूम काढला. भांग फक्त वैदिणीने आणि तिने शिकवलेल्या माणसांनी विकावी, दिवसाउजेडी, मापाने. पोरासोरांना मुळीच देऊ नये. भेसळ करणाऱ्याला तुरुंग. शिक्का मारताना त्याला भाऊच आठवत होता, हे मी लपवणार नाही. भांग त्याला पुढेही कधी आवडली नाही.

पण घळीतल्यांचं गिऱ्हाईक तुटलं. जास्त मागणारे अजूनही येत, पण आता ते कोण हे वैदिणीला ठाऊक असे. ती त्यांना ओसरीवर बसवून ताक द्यायची, रागवायची, समजवायची. म्हातारी आणखी दोन वर्षं जगली आणि शेवटी नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून, न कण्हता गेली.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: ज्याचं भय वाटतं ते नजरेआड ढकललं की आपल्या हाताबाहेर जातं, ते समोर ठेवून त्याला मर्यादा घालावी.