पाठमोरा

“हाक मारली तरी तो वळून का बघत नाही, बाबा?”

उमेदगीर गोसाव्याने हातातली चिलीम खाली ठेवली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. नेहमी तसाच बसायचा.

“कोण?”

“तुळाजी. माझा धाकटा भाऊ,” सुभानजी म्हणाला.

तुळाजी मागच्या उन्हाळ्यात माळावर गेला तो परत आलाच नव्हता. प्रेत मिळालं नाही, चप्पलसुद्धा मिळाली नाही. सुभानजीने सारा माळ पालथा घातला, ओढ्याची कपार न् कपार पाहिली. शेवटी भावकीने सुतक धरलं. सुभानजीने धरलं नाही.

गोसाव्याचं आणि त्याचं नातं जुनं. कफनी घालण्याआधी उमेदगीर संस्थानच्या शिकारखान्यात होता. हरणाच्या कातड्यात गवत भरायचं, ती खोटी हरणी माळावर उभी करायची, आपण लपणात दडून बसायचं आणि कळप भुलून जवळ आला की बार टाकायचा, ही विद्या सुभानजीला त्यानेच दिली. मग एक दिवस त्याने बंदूक परत केली, माळाच्या कडेला मठी बांधली आणि माळाकडची खिडकी दगडांनी बुजवून टाकली. लोक म्हणाले, हत्येचा पश्चात्ताप झाला. सुभानजी म्हणाला, म्हातारा थकला.

शिष्य आता गुरूच्या पुढे गेला होता. हरणांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण ते खरंही होतं, त्यामुळे ऐकून घ्यावं लागायचं.

“कुठं दिसतो?” गोसाव्याने विचारलं.

“माळाच्या पलीकडं, बाभळीखाली. दिवस कलला की येऊन बसतो. पाठ इकडं.”

“तुळाजीच कशावरून?”

“आता काय सांगू? घोंगडी तीच. बसायची ढब तीच, डावा खांदा जरा खाली. पाठचा भाऊ मला कळणार नाही?”

“हलतो का?”

“हलतो की. हात वर करून मुंडासं सारखं करतो.”

“आणखी?”

“आणखी काय?”

“खोकतो? पाय पसरतो? माशी वारतो?”

सुभानजी आठवत राहिला.

“नाही,” तो हळूच म्हणाला. “तेवढंच करतो. थोड्या थोड्या वेळानं.”

“खोट्या हरणीच्या शेपटीला काय बांधायचं?”

“दोरी.”

“कशाला?”

“हे काय विचारणं झालं, बाबा? अगदी निश्चल जनावर बघून कळप बिचकतो. लपणातून दोरी ओढून शेपटी जराशी हलवली, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. वाटतं, आपल्यातलीच आहे, निवांत चरते आहे...”

बोलता बोलता तो थांबला.

गोसावी भिंतीकडेच पाहत होता.

“वारा कुठून असतो?”

“माझ्या पाठीकडून. इकडून तिकडं.”

“रोज?”

“रोज.”

सुभानजीचा आवाज खाली आला. शिकारी नेहमी अशा बाजूला बसतो, की जनावराचा वास त्याच्याकडे यावा आणि त्याचा जनावराला लागू नये. हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

“नाही बाबा,” तो एकदम चिडून म्हणाला. “दुसऱ्या कुणाची गोष्ट वेगळी. मी जन्मभर हेच केलंय. कातड्यात गवत आहे का मांस, हे मी कोसावरनं सांगीन. मला कोण भुलवणार?”

“मग जवळ का गेला नाहीस?”

“काल गेलो होतो. सरळ नाही. लांबनं वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेलो. म्हटलं, तोंड तरी बघू.”

“बघितलंस?”

“...पलीकडनंही पाठच होती.”

बाहेर घुमणारा होला एकदम थांबला.

सुभानजी बिबट्यासमोर पाय रोवून उभा राहिलेला माणूस होता. आत्ता तो मटकन खाली बसला. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलंच नाही.

“पळून आलास?”

“हो.”

“मग आज कुठं निघालास?”

सुभानजीने मांडीवरचं फडकं जवळ ओढलं. त्यात दोन भाकरी होत्या आणि तुळाजीला आवडायची ती लसणाची चटणी. तिचा वास मठीभर पसरला होता.

“अंगारा द्या, बाबा. जिवंत असो, मेलेला असो... एकदा त्याचं तोंड माझ्याकडं वळू दे. मग मी काही मागणार नाही.”

गोसाव्याने अंगाऱ्याच्या मडक्याला हात लावला नाही.

दिवस कलला. मठीचं दार उत्तरेला होतं. त्यातून माळाची नुसती एक पट्टी दिसायची, आणि तिथे कुसळी गवताखेरीज कधी काही नसायचं. सुभानजीने सहज मान वळवली आणि तो ताडकन उठला.

“आला! बाबा, आज किती जवळ आहे...”

उमेदगीरने मान वळवली नाही. उलट दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकून घेतले.

“एकदा बघा तरी. तुळाजी आहे का नाही, ते तुम्हीच सांगा.”

“मला तुळाजी दिसायचा नाही.”

“मग कोण दिसेल?”

म्हातारा बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना.

“माझी लेक. फणी घेऊन बसते. केस विंचरते.”

“आणखी?”

“तेवढंच.”

गोसाव्याला लेक होती, हे सुभानजीने आज पहिल्यांदा ऐकलं. या माणसाला आपण थकलेला म्हणत होतो, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“म्हणजे कुणीतरी दोरी ओढतंय,” तो म्हणाला.

“हं.”

“तो माझा तुळाजी नाही.”

“नाही.”

“पटलं, बाबा. आता पटलं.”

असं म्हणत असतानाच त्याने फडकं उचललं होतं. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तिकडे गवतात हात वर झाला, मुंडासं सारखं झालं, हात खाली आला. सुभानजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दाराची चौकट त्याने पकडली खरी, पण बोटं एकेक करून सुटत होती.

“बाबा, असं कसं हो? हरणाला कळत नाही, म्हणून ते येतं. मला तर कळलंय...”

उमेदगीरने डोळ्यांवरचे हात काढले नाहीत.

“सुभान्या, हरीण जन्मभर गवतच खातं. कातड्यातलं गवत त्याला कळत नसेल?”