मातवणचं कच्चं मडकं

मातवणच्या स्मशानात तुम्हाला एकही खापर सापडायचं नाही. इतर गावी चितेच्या जागेभोवती फुटक्या मडक्यांचा खच असतो. इथे कडेला नुसतं एक गढूळ तळं आहे. देवळात आलेल्या पाहुण्यांना म्हातारे दाजिबा गुरव तिथे नेतात आणि त्यामागची हकिगत सांगतात.

फार मागे इथे भिवजी नावाचा कुंभार होता म्हणे. बायको सावी चिखल तुडवायची, हा चाक फिरवायचा. उभा जन्म असा गेला. पुढे सावीने अंथरूण धरलं, वैद्यानेही हात टेकले. तेव्हा या शहाण्याने काय करावं? मर्तिकाची मडकी घडवणंच सोडलं! गावात मडकंच नसेल तर मरण येईल कशाला, असं त्याच्या मनाने घेतलं. तेवढ्यात पाटलांचा म्हातारा वारला. मडक्यासाठी आलेल्या मुलांना भिवजीने दारातूनच परतवून लावलं. त्यांनी शेजारच्या गावाहून मडकं आणलं. म्हातारा गेला तो गेलाच.

सावीच्या कानावर हे आलं. तिने नवऱ्याला जवळ बोलावलं.

"धनी, मला परक्याच्या मडक्यानं धाडनार व्हय? जन्मभर चिखल म्या तुडवला, घडवलं तुमी. आता माझं बी तुमीच घडवा."

भिवजी ओक्साबोक्शी रडला, आणि चाकावर बसला. ओलं मडकं त्याने तिच्यापुढे धरलं. तिने काठावरून हात फिरवला, "ब्येस झालंय," म्हणाली. मडकं भट्टीत जायच्या आधीच ती गेली.

लोक म्हणाले, भाजलेलं आणू. तो ऐकेना. तेच कच्चं मडकं पाण्याने भरून खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती फिरू लागला. शेवटच्या फेरीला ते खांद्यावरच विरघळलं. छातीवर ओघळलेला चिखल पुसणंही त्याच्या जिवावर आलं. तसाच आंघोळीला तळ्यात उतरला, आणि तो चिखल तळ्यात मिसळून गेला. पुढच्या हंगामात त्याने त्याच तळ्यातली माती काढली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी तुडवली, असं सांगतात.

आजही मातवणात मर्तिकाचं मडकं भाजत नाहीत, फोडतही नाहीत, तळ्यात सोडतात. आणि घरोघरचे माठ घडतात तेही याच तळ्याच्या मातीचे. हे ऐकून पाहुणे चपापतात, कारण देवळातल्या माठाचं पाणी त्यांनी मघाशीच मागून मागून प्यायलेलं असतं.

दाजिबा त्यांच्याकडे बघून म्हणतात, "आमची कारभारीन बी त्यातच हाय. ग्वाड लागलं न्हवं पानी?"