उंबरटेकची ठकूआई आणि मुकी जाती

फार वर्षांपूर्वी, पिठाच्या गिरणीची टुकटुक या मुलखात अजून कुणाच्या कानावर पडली नव्हती, तेव्हाची ही हकिकत. उंबरटेक गावात ठकू नावाची एक पाथरवटीण राहत होती. तिचा नवरा खाणीत दरड कोसळून गेला, तेव्हा लोक हळहळले, आता हिची चूल कशी पेटायची? ठकूने नवऱ्याची टाकी आणि हातोडी उचलली, पदर कमरेला खोचला आणि ती गावोगाव जात्यांना टाकी लावत हिंडू लागली. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणे नुसते घरंगळतात, पीठ काही पडत नाही. मग टाकीने त्याच्या अंगावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. ठकूने टाकी लावलेलं जातं सासुरवाशिणीच्या एका हाताने फिरायचं, असं म्हणतात.

ठकू अंगाने धिप्पाड, बोलायला फटकळ आणि जेवणाची भोक्ती. न्याहारीला तिला बाजरीच्या जाडजूड भाकरी लागत. वर लसणाचा ठेचा, शेजारी तांदुळज्याची भाजी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. एवढं झालं की वर तांब्याभर ताक पिऊन ती विचारायची, "दुपारला काय हाय?" बायका तोंडाला पदर लावून हसत.

"हसा गं, हसा," ती म्हणायची. "दगडाशी झुंजायचं काम हाय माझं. त्यो काय मला बघून मऊ व्हतोय व्हय?"

भल्या सकाळी ती डोंगर चढून पलीकडच्या गावांना जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. तिला कधी शिंक आली नाही की कधी तिचं डोकं दुखलं नाही, असं म्हणतात. आता शिंक एखादी आली असेल, पण सांगणाऱ्यांनी ती गाळली आहे, आपणही गाळू.

ठकूचा एकुलता एक मुलगा दूरच्या नदीवर पुलाच्या दगडकामाला गेला होता. घरी होती त्याची बायको साळू, दिवस भरत आलेली. ठकू तिच्यावर खेकसायची फार, पण भाजीतला कोवळा शेवगा निवडून तिच्याच ताटात टाकायची.

त्या वर्षी मुलखात ताप आला. मान मोडल्यासारखी दुखायची, अंग भाजून निघायचं आणि काल औत हाकणारा माणूस आज अंथरुणाला खिळायचा. लोक त्याला मानमोडी म्हणू लागले. दूरवरच्या शहरांतही हेच चाललंय अशी खबर आली आणि उंबरटेकच्या तोंडचं पाणी पळालं.

उंबरटेकची एक जुनी रीत होती. साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. एका गावाने तो ओढत आपल्या शिवेवर नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावाने तिथून आपल्या हद्दीत घ्यायचा. गाडा आपल्या हद्दीत असेतोवर कुणी जातं फिरवायचं नाही, कारण घरघर ऐकून देवी कोपते, अशी समजूत. एका दिवसाचा तर प्रश्न असायचा. सकाळी गाडा यायचा, सांजेला शीव ओलांडायचा आणि गावातली जाती पुन्हा बोलू लागायची.

पण या खेपेला उंबरटेकने गाडा शिवेवर नेला आणि पलीकडून निंबवडीचं कुणी आलंच नाही. कोण येणार? अख्खी निंबवडी तापाने आडवी झालेली. गाडा शिवेच्या लिंबाखाली उभाच राहिला. गाडा हद्दीत म्हणून जाती मुकी. आज जाईल, उद्या जाईल, असं म्हणता म्हणता घराघरातलं पीठ संपलं. थोडे दिवस लोकांनी घुगऱ्या शिजवून खाल्ल्या. मग कुणीतरी म्हणालं, देवीला धूरही चालायचा नाही. झालं, चुलीही विझल्या. शेतावर जायला भीती, आडावर जायला भीती. माणसं दारं लावून बसली, दुखणाईत आणि धडधाकट एकाच खोलीत, एकाच घोंगडीखाली. मूठभर फुटाणे चावायचे आणि पडून राहायचं. कणग्या दाण्यांनी भरलेल्या आणि घरात सगळे उपाशी, अशी तऱ्हा उंबरटेकनेच करून दाखवली.

ठकूनेही रीत पाळली. देवाधर्माला ती मानणारी होती. पण एका सकाळी साळू रांजणातून पाणी घ्यायला वाकली आणि तिला अशी भोवळ आली की ती तिथेच बसली. ओठ पांढरे पडलेले. ठकूने तिला धरून उठवलं, तेव्हा पोटुशी पोर हाताला सुपाएवढी हलकी लागली. हिला तापाआधी मीच मारतेय, असं ठकूला वाटलं.

तिने चूल पेटवली, हुलगे भाजले आणि जात्यापुढे बैठक मारली.

"आत्याबाई, नका," साळू म्हणाली. "गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनंल ते ऐकू. आदी तू खा."

कितीतरी दिवसांनी उंबरटेकमध्ये जातं घरघरलं. भिंतीआडून माणसं दचकून उठली. हैबती पाटील काठी टेकत आले आणि ठकूच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. पाटील दुष्ट नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात गेला होता आणि गावातलं आणखी कुणी जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"ठके, जातं थांबिव. देवी शिवंवर हाय."

"देवी शिवंवर हाय, पाटील, आन् माजी सून घरात हाय. तिच्या पोटात अन्न न्हाई."

"आन् तुझ्यापायी देवी कोपली, हिलाच काय झालं तर?"

ठकूचा हात जात्याच्या खुंट्यावर थांबला. मग ती म्हणाली, "हिला काय झालं तर म्या ही टाकी आडात टाकीन आन् शीव वलांडून जाईन. पुन्हा उंबरटेकचं तोंड बघायची न्हाई."

हे सगळ्या आळीने ऐकलं. त्या घडीपासून गावाचे डोळे साळूवर लागले.

ठकूने हुलग्याचं माडगं केलं. हुलग्याचं पीठ, गूळ, चिमूटभर सुंठ, पळीने ढवळून दाटसर केलेलं. साळूने वाटी रिकामी केली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि गालांवर रंग. दुपारी भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. ठकूने घराची दारं सताड उघडली, अंथरुणं उन्हात घातली आणि सुनेला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. आपण स्वतः दळत, पाणी शेंदत, लाकडं फोडत राहिली.

माडग्याचा वास कुंपणापलीकडे गेला. शेजारची अनुसया तेलीण पोरांना घेऊन दारात आली, पण बोलायचं धाडस होईना. ठकूने भरलेलं भांडं कुंपणाच्या दगडावर ठेवलं आणि ती चार पावलं मागे सरली.

"न्हे. आन् ऐक. तुझ्या घरधन्याला ताप हाय न्हवं? त्याला येगळ्या खोलीत निजू दे, उठू देऊ नगं, आन् घोट घोट भरीव. ज्याला ताप न्हाई त्यानं मातूर उठायचं. दळायचं, उन्हात हिंडायचं, पोटभर खायचं."

दुसऱ्या दिवशी अनुसयेच्या घरातून घरघर ऐकू आली. मग कुंभारआळीतून एक, मग मारुतीच्या देवळामागून एक. ठकू आपली दळता दळता ओव्या म्हणायची. तिचा आवाज असा होता की शेळ्या दावं तोडून पळत, असं म्हणतात. पण त्या दिवसांत तो आवाज लोकांना गोड लागला.

आणि मग साळूला ताप आला.

गावात कुजबुज झाली आणि जाती एकेक करून थांबली. अनुसयेचंही थांबलं. ठकूने साळूला आतल्या खोलीत निजवलं, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, पळीपळीने पेज पाजली. साळू डोळे उघडेना. दुपारी ठकू जात्यापुढे येऊन बसली, पण जन्मात पहिल्यांदा तिचा हात उचलेना. आपण हट्टाने पोरीचा घात केला, या विचाराने ती लहान मुलीसारखी रडली. ठकूला रडताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळाला मळवट, पाय धुळीने भरलेले आणि गालफडं आत गेलेली. "बाई, भाकरी हाय का गं?" तिने विचारलं. "लई दिस उपाशी हाय."

ठकूने डोळे पुसले. घरात भाकरीचा तुकडा नव्हता. "हाय म्हनू कशी? दळाय पायजे," ती म्हणाली. "पर माज्या एकलीच्या अंगात आज बळ न्हाई. बस समोर, लाव खुंट्याला हात."

म्हातारी समोर बसली. दोघींनी खुंटा धरला आणि जातं असं फिरलं की पीठ जात्याभोवतीच्या पाळ्याबाहेर सांडलं, सोप्यात पसरलं, उंबऱ्यापर्यंत आलं, असं म्हणतात. ठकूने भाकऱ्या थापल्या. म्हातारी एकामागून एक खात गेली. ठकूलाही खाण्यात मागे टाकणारी ती एकटीच, असं उंबरटेकची माणसं आजही छातीठोक सांगतात.

तृप्त होऊन म्हातारीने हात धुतले. "जाती बंद ठिवा म्हनून म्या कुनाला सांगितलं व्हतं गं?" ती म्हणाली. "तुमी दळंना, रांधंना. शिवंवर बसून बसून मला निवद कुठला मिळायचा?" आणि ती उंबरा ओलांडून गेली. ठकू धावत बाहेर आली तर रस्ता मोकळा होता. धुळीत पावलं उमटली होती, ती थेट शिवेकडे गेलेली.

सांजेला साळूला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. तिने डोळे उघडून पहिला शब्द काढला तो "भूक." ठकूने तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला.

सकाळी हैबती पाटील आले. कुंपणाबाहेर थांबून म्हणाले, "ठकूबाय, माझ्या घरचं जातं पार गुळगुळीत झालंय. टाकी लावून देशील का?" एवढंच बोलले, पण गाव काय ते समजलं. ठकू त्या दिवसापासून घरोघर हिंडली. जातं अंगणात आणून ठेवायचं, घरच्यांनी लांब उभं राहायचं, ती टाकी लावणार आणि पुढच्या घरी जाणार. बायका थकल्या तिथे बाप्ये दळायला बसले, पाटीलही बसले आणि त्यांच्या हाताला फोड आले. उंबरटेकच्या जात्यांची घरघर डोंगराला आपटून परत येई आणि परक्या गावांना वाटे, आभाळ गडगडतंय.

उंबरटेकमध्ये सगळे जगले असं नाही. अनुसयेचा नवरा गेला, आणखीही काही गेले. पण जे उठले ते नुसते आपल्यापुरते उठले नाहीत. पाट्यांत पीठ आणि भाजी भरून ते शीव ओलांडून निंबवडीत गेले, दारोदार ठेवून आले आणि रोज जात राहिले. निंबवडी उठून बसली ती उंबरटेकच्या भाकरीवर. हे निंबवडीकर आता फारसं बोलून दाखवत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

साळूला मुलगी झाली, टणटणीत. गावाने ठकूला तेव्हापासून ठकूआई म्हणायला सुरुवात केली. म्हातारपणी एका सकाळी ती टाकी घेऊन डोंगरापलीकडे गेली आणि परतली नाही. डोंगरालाच टाकी लावत बसली असेल, असं म्हणतात.

गाडा पुन्हा शिवेवरून हलला नाही. तिथेच लिंबाखाली मरीआईचं ठाणं झालं. दर आश्विनात उंबरटेकचा माणूस असेल तिथून, पुण्याहून, सुरतेहून, गावी येतो. घराघरातली जाती ठाण्यापुढे मांडतात आणि बाप्यांसकट सगळे आळीपाळीने दळतात. अलीकडच्या मोठ्या साथीत गर्दी करता येत नव्हती, तर जो तो आपापल्या अंगणात दळायला बसला. अंगणाअंगणातून उठलेला तो आवाज ऐकून शहरातून परतलेल्या माणसांनाही हुरूप आला.

दळण झालं की हुलग्याचं माडगं शिजतं. पुजारी निवद घेऊन देवीपुढे जातो, पण ताट ठेवत नाही. तो गावाकडे वळून विचारतो, "कोन हाय पोटुशी?" कुणीतरी नवी सून लाजत पुढे येते. तिला पाटावर बसवतात आणि माडग्याची पहिली वाटी तिच्या हातात देतात. पुजारी ताट धरून उभा असतो, पाटील उभे असतात, सारं गाव उभं असतं. सून संकोचून म्हणते, "आदी देवीला दावा." म्हाताऱ्या बायका म्हणतात, "देवी थांबती. तू खा." आणि ती सावकाश वाटी संपवेपर्यंत उंबरटेकमध्ये कुणी घंटेला हात लावत नाही.