डाव्या पायातली चप्पल

“मग आरसे कुठे गेले रे?”

शेवंतामाईंनी मठाच्या पायरीवरूनच विचारलं. नवनाथनं मोटारसायकलच्या हँडलवरून हात फिरवला.

“काढून ठेवलेत, माई. फटीत अडकतात.”

“कसल्या फटीत?”

“दोन गाड्यांच्या मधल्या. औषधांची पार्सलं पोचवतो मी. रांगेत उभा राहिलो तर दिवस पुरायचा नाही. हँडल मावलं की मी निघालो! अकरा वर्षं झाली, अंगावर ओरखडा नाही.”

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. दिवसभराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते.

“एक दोरा मंतरून द्या, गाडीला बांधतो. कांचनला सातवा महिना लागलाय आणि दोन महिने झाले, ती माझ्यामागं बसत नाही. दवाखान्यातसुद्धा सिटी बसनं जाते, धक्के खात. माझ्यासाठी सोमवार धरते, अन् माझ्याच गाडीला भिते!”

“काय म्हणते?”

“काहीच म्हणत नाही… तेच तर.”

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सकाळपासून तीन घरची उद्यापनं झाली होती. चौथं द्वारका चौकापलीकडे राहिलं होतं. अंगात त्राण नव्हतं, पण शब्द दिलेला.

“दोऱ्याचं नंतर बघू. मला तेवढं सोड.”

लुगडं सावरून त्या एका बाजूला बसल्या, दोन्ही पाय डावीकडे.

चौकात नेहमीची कोंडी. नवनाथला चेव आला. माईंनाही कळू दे हातातली कला! ट्रक आणि बसच्या मधून, मग बस आणि टेम्पोच्या मधून, हॉर्नवरचा अंगठा न उचलता तो मासोळीसारखा सुळकन निघाला. अर्ध्या तासाची वाट, दहा मिनिटांत दारात.

“बघा माई! कुठं घासली तरी का गाडी?”

माई सावकाश उतरल्या. डाव्या पायात चप्पल नव्हती. करंगळी सोलवटली होती.

“अहो… चप्पल?”

“राहिली. त्या बसपाशी.”

“मग ओरडायचं ना, माई!”

“ओरडले की. दोनदा.”

नवनाथनं हॉर्नवरचा अंगठा उचलला.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गाडीवरून उतरून कांचन अशीच एका पायानं अनवाणी जिना चढली होती. ‘चपलेचा अंगठा तुटला, टाकून दिली,’ म्हणाली. तो हसला होता. ‘एकच कशी टाकलीस, येडे? जोडी तरी टाकायचीस!’ दुसऱ्या दिवसापासून ती बसनं जायला लागली. उरलेली चप्पल अजून दाराआड पडून होती.

उद्यापन आटोपेपर्यंत तो बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. आतून कुणी प्रसाद आणून दिला. तो हातातच राहिला.

परतताना चौकात तीच कोंडी. त्यानं गाडी एका ट्रकच्या मागं नेऊन उभी केली. शेजारून दोन पोरं फटीतून सटकली. “काका, झोप लागली का?”

तो हलला नाही.

“माई… वेळ लागेल.”

“लागू दे.”

ट्रक वीतभर पुढं सरकला. तोही वीतभर सरकला. पुन्हा थांबला…

बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली. आरसा नव्हता, म्हणून पुरती वळवावी लागली. माईंची करंगळी हळदीनं पिवळी झाली होती.

“दोरा कधी बांधायचा, माई?”

माईंनी त्याच्या खांद्यावर हात टेकला, दमलेला.

“कांचनच्या पायाचं माप ठाऊक आहे का रे तुला?”