खाली ठेवलेल्या घागरी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी स्वतः या डोळ्यांनी पाहिलेली. आता ती घडली तेव्हा माझ्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, पण तेवढ्यावरून मला खोटं ठरवू नका.

तर त्या जुन्यापुराण्या काळी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. सुगी झाली की दोन्ही राजे आपापल्या काठावर साऱ्या राज्याच्या धान्याची रास घालत. ज्याची रास उंच, त्याचं राज्य सुखी. अलीकडच्या राजाची रास दरवर्षी हातभर उंच निघे. पण पलीकडचा राजा हरूनही हसे, आणि ते हसू याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडके.

"हरलेला माणूस हसतो कशाला?" तो प्रधानाला विचारी.

"महाराज, रास आणखी उंच करू, मग बघू कसा हसतो ते!"

मग गायरानं नांगरली गेली. पोरांची खेळायची जागा नांगरली गेली. सण आटले. रास वाढली. पलीकडचा हसतच राहिला.

अशात राजपुत्र लग्नाचा झाला. डोंगरातल्या राज्यातली राजकन्या त्याच्या मनात भरली होती, आणि तो तिच्या. तिची आत्या स्थळ पाहायला आली. राजाने तिला थेट राशीपाशी नेलं.

"बघा आत्याबाई, वर बघता बघता मान मोडेल!"

आत्याबाईंनी मान वर केलीच नाही. "आधी विहीर दाखवा."

विहिरीवर त्या घटकाभर बसल्या. बायका येत, पाणी शेंदत, घागर डोक्यावर घेऊन पळत. आत्याबाई उठल्या.

"आमची मुलगी इथं नाही द्यायची."

"का? काय कमी आहे?"

"इथं कुणी घागर खाली ठेवत नाही, महाराज. येताना पलीकडे थांबले होते. तिथं बायका घागर ठेवून बोलत बसतात. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सासूचा गुडघा धरला. जिथं एवढीही फुरसत नाही, तिथं पोर सुकून जाईल."

राजाच्या अंगाची लाही लाही झाली. घागरींतही पलीकडचाच जिंकला! त्याच दिवशी दवंडी पिटली: प्रत्येक बाईने घागर खाली ठेवून घटकाभर बोललंच पाहिजे. शिपाई विहिरीवर बसून घागरी मोजू लागले. आठ दिवसांत पलीकडच्या दुप्पट भरल्या. राजाने मिशीवर ताव दिला आणि आत्याबाईंना पुन्हा बोलावणं धाडलं.

त्या विहिरीवर आल्या, तर शंभर घागरी, शंभर बायका, आणि चिडीचूप.

"का हो आजी, बोलत का नाही?" आत्याबाईंनी एका म्हातारीला विचारलं.

"बोलायचा हुकूम आलाय, बाई. काय बोलायचं ते अजून आलेलं नाही. आणि शेतातलं काम तिकडं पडून आहे, ते काही हुकमानं होत नाही."

आत्याबाई पाणीही न पिता परतल्या. राजपुत्राने बापाशी बोलणं टाकलं.

तेव्हा राजा वेश पालटून नावेत बसला. पलीकडच्याची युक्ती काय, ती चोरायचीच! तो विहिरीपाशी जरा टेकला, तोच एका बाईने तांब्या पुढे केला. "कुठले पाहुणे? जेवलात का?"

राजाने तांब्या घेतला. त्याच्या वाड्यात सगळे राशीची उंची सांगत. जेवलात का, असं कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. चोरायला काहीच सापडलं नाही. तो आला तसा परतला.

मग विहिरीवरचे शिपाई त्याने उठवले; गायरानं आणि पोरांची मैदानं नांगरातून सुटली, सण परतले, दुपारची विश्रांती आली. पुढच्या सुगीला त्याची रास पलीकडच्यापेक्षा कमरेएवढी खुजी निघाली. तो हरला.

आत्याबाई तिसऱ्यांदा आल्या. विहिरीवर हसण्याचा नुसता कल्लोळ.

"राजाचं नाक बघितलंस का गं? पूर्वी इतकं वर असायचं, की राशीच्याही वर तेच दिसायचं!"

झाडाआड उभ्या राजाचा हात नाकाकडे गेला. आत्याबाईंनी त्याला पाहिलं.

"आमच्या मुलीनं या नाकाची थट्टा केली तर चालेल?"

"चालेल," राजा म्हणाला. त्या दिवशी त्याने पलीकडच्या काठाकडे एकदाही पाहिलं नाही.

बोध हा, की राज्य किती सुखी आहे ते त्याच्या राशीला नव्हे, विहिरीवर खाली ठेवलेल्या घागरींपाशी बसून माणसांना विचारावं.

आता कबुली देतो. राजा शहाणा झाला, एवढा भाग माझ्या पदरचा. हेवा मात्र अस्सल आहे.