जागी गाडी

"सगळं बंद आहे म्हणतोस, मग वीज जाते कुठे?"

अंगणातल्या खुर्चीवर बसून उस्ताद हमीदभाईंनी विचारलं. बॉनेटखाली वाकलेल्या धनाजीने मान वर केली नाही.

पाटणच्या खोऱ्यात गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की लोक धनाजीचंच नाव घेत. ते काम त्याला हमीदभाईंनी शिकवलेलं. आता मात्र त्याची स्वतःची गाडी दारात आडवी झाली होती. संध्याकाळी ठणठणीत, सकाळी चावी फिरवावी तर नुसती टकटक. नवी बॅटरी आणली. तीही उतरली.

एरवी त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच्या बायकोचे, स्वप्नालीचे दिवस भरत आले होते. दवाखाना घाटाखाली, आणि ऐन वेळी दुसरं वाहन मिळेल याचा भरवसा नाही. उस्तादांना बोलवायची धनाजीला लाज वाटत होती. शेवटी स्वप्नालीनेच परस्पर फोन केला.

"फ्यूज काढून बघितलेस?"

"एकूण एक."

"मग?"

"बॅटरीला लावलेल्या मीटरचा आकडा एका जागी थांबतच नाही, उस्ताद. खाली येतो, की परत चढतो."

"दार किती वेळा उघडतोस?"

"काही फ्यूज आतल्या बाजूला आहेत. उघडावंच लागतं."

"दार उघडलंस की ती जागी होते. जाग्या गाडीत चोर कसा सापडेल?"

हे धनाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही तो सकाळपासून दार उघडतच होता.

त्याने दार सताड उघडं ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हरने त्याची कडी आत ढकलून बसवली. गाडीला वाटलं, दार लागलं. आतला दिवा विझला.

"आता?"

"आता झोपू दे तिला."

"किती वेळ?"

"तुला कुठं जायचंय?"

धनाजीची नजर उंबऱ्याकडे गेली. स्वप्नाली कमरेवर हात ठेवून उभी होती. उस्तादांनीही तिकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "पोरी, चहा टाक. आणि धना, तू हात धुऊन ये. रांजणातल्या पाण्याने धू."

"ग्रीस लागलेलं नाही हाताला."

"... धुऊन ये."

तो गेला. हात धुतले. परत येऊन पायरीवर बसला. दोनदा उठायला गेला. दोन्ही वेळा उस्ताद नुसते खोकले, आणि तो बसून राहिला.

स्वप्नालीने चहा आणला. स्टीलचे पेले, वर वाफ. धनाजीने आपला पेला घेतला आणि बोटं भाजली तसा पटकन खाली ठेवला. उस्तादांनी मात्र पेला मुठीत धरला होता. घट्ट. जसा पाण्याचा धरावा तसा.

"उस्ताद, भाजतंय ना?"

"भाजत असेल."

धनाजी बघत राहिला. याच बोटांनी उस्ताद अंधारात तारेचा तुटलेला पदर शोधायचे...

"बोटांची जाण साखरेच्या आजाराने खाल्ली," उस्ताद म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. चहा पी, गार होतोय."

चहा संपला. सावली जोत्यावर चढली. मीटरवरचा आकडा खाली खाली येत गेला आणि एका जागी थांबला. झोपलेल्या गाडीच्या मानाने तो बराच मोठा होता.

"आता रिलेंच्या डबीवरचं झाकण काढ," उस्ताद म्हणाले. "एकेका रिलेवर बोट ठेव. उपटू नकोस. नुसतं ठेव."

वीज जोडणारे-तोडणारे ते छोटे स्विच ओळीने बसवलेले होते. धनाजीने पहिल्यावर बोट ठेवलं. गार. शेजारचा गार. त्याच्या पलीकडचाही.

त्यानंतरच्या रिलेवर बोट थांबलं. मघापासून निजलेल्या गाडीत तो एवढासा चौकोनी ठोकळा कोमट होता. आजारी लेकराच्या कपाळासारखा.

"हा..." धनाजी हळूच म्हणाला. "हा जागा आहे."

"मला नाही कळायचं," उस्ताद म्हणाले. "तुला कळलं ना? मग काढ."

त्याने रिले उपटला. मीटरवरचा आकडा धपकन शून्याजवळ आला. रिलेच्या आतला वीज जोडणारा पत्रा जळून चिकटला होता. चावी काढली तरी वीज तोडत नव्हता. धनाजीने त्या जागी नवा रिले बसवला, बॅटरी चार्ज केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम सगळ्यात आधी गाडीपाशी गेला. चावी फिरताक्षणी इंजिन लागलं.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे स्वप्नालीने त्याला हलवून उठवलं. गाडी घाट उतरली तेव्हा उजाडत होतं. मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप.

घरी आल्यावर धनाजी पेढे घेऊन उस्तादांकडे गेला. वाकून पाया पडला. उस्तादांनी पेढा तोंडात घातला आणि मुलीचं नाक कुणावर गेलंय, जावळ किती आहे, रडते कशी, सगळं विचारून घेतलं.

निघताना धनाजीचा पाय अडला.

"एक विचारू? तुम्हाला रिलेचा संशय आधीपासूनच होता ना?"

"होता."

"मग आल्या आल्याच का नाही सांगितलंत, की हात लावून बघ म्हणून?"

उस्तादांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ धरून ठेवला...

"तेव्हा तुझाच हात तापलेला होता, बाळा."