रंगारीण आणि घुंगुरकाठी

एका गावात एक रंगारीण होती, आणि तिच्या तोंडचा शब्द पळवायला अख्खं गाव टपलेलं होतं.

झालं असं, की रंगाच्या हौदाच्या पायरीवरून ती घसरली आणि डोक्याला मार लागला. जखम भरली, हात पूर्वीसारखे चालू लागले. शब्द तेवढे उशिरा यायचे. डोक्यात लख्ख असायचे, पण ओठांवर यायला नुसता छळ मांडायचे.

ती म्हणायची, “मला… पा…” की लोक धावलेच!

“अगं, पाणी द्या बिचारीला!”

तिला हवं असायचं पातेलं. पाणी पिऊन पिऊन तिचं पोट डब्ब व्हायचं.

थोरल्या भावाने तर कडीच केली होती. मायेचा होता हो, पण तोंडाला खीळ नाही. कुणी तिला विचारलं, “कशी आहेस गं?” तर हाच सांगे, “बरी आहे. वांगं तेवढं खात नाही.” वांगं तर तिला जीव की प्राण!

एकदा पाटलांनी सभा बोलावली. हौद गावाचा होता. तो आता दुसऱ्याच्या हाती द्यायचा का, ते ठरायचं होतं. हौद गेला तर रंगारीण कसली उरणार?

त्या गावात एक रीत होती. घुंगुरकाठी ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचं. काठी खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी ब्रसुद्धा काढायचा नाही.

पाटलांनी काठी तिच्यापुढे धरली. सवयीने भावाचाच हात पुढे आला, आणि काठी हाती यायच्या आतच तो बोलू लागला, “हिला नाही झेपायचं, पाटीलबाबा. हौद देऊन—”

रंगारणीने काठी हिसकावली. घुंगरं अशी खणाणली, की ती स्वतःच दचकली.

“मी…” आणि शब्द अडला.

भाऊ चुळबुळला. कुणीतरी तांब्या पुढे सरकवला. पाटलांनी घसा खाकरला. काठी मात्र तिच्या मुठीत. झक्कत थांबावं लागलं सगळ्यांना.

“हौद… मीच चालवते. येऊन… बघा. बोलायला वेळ… लागतो, पण डोकं… ठिकाणावर आहे. मला विचारा. आणि मग… थांबा.” ती भावाकडे वळली. “दादा… वांगं… आवडतं मला!”

तिने काठी खाली ठेवली.

“हौद तुझाच, पोरी,” पाटील ओशाळून म्हणाले. “पण इतके दिवस बोलली का नाहीस?”

“बोलू… दिलंत कुणी? आता मला… पा…”

चार तांबे पुढे आले. तिने कपाळाला हात लावला, काठी पुन्हा उचलली आणि सगळे चिडीचूप होईपर्यंत थांबली.

“पातेलं!”

तात्पर्य एवढंच: ज्याचं वाक्य, त्यालाच पुरं करू द्यावं; आणि आपलं वाक्य अडलं, तरी हातची काठी सोडू नये.